ट्रकचे इंजिन का तापते?

एप्रिल-मे महिन्यांत कसारा घाट किंवा आंबोलीचा घाट चढताना एक देखावा पुष्कळदा दिसतो. मालाने भरलेला ट्रक कडेला उभा आहे, चाकांखाली दगड लावले आहेत, पुढून वाफ निघते आहे आणि क्लीनर डबा घेऊन पाणी शोधायला निघाला आहे. पाणी मिळते, ओतले जाते, ट्रक निघतो. आणि चार वळणे गेल्यावर पुन्हा थांबतो. असे का व्हावे? पाणी तर घातले होते! कारण असे की, इंजिनाला नुसते पाणी पुरत नाही. आतली उष्णता बाहेर जायला वाट मोकळी लागते. ती कुठे अडली, हे शोधण्याची रीत आज आपण पाहू.

डिझेल जळते तेव्हा सिलिंडरमधला वायू क्षणभर दीड हजार अंशांहूनही अधिक तापतो. ओतीव लोखंड तर बाराशे अंशांच्या आसपास वितळते. मग इंजिन वितळत का नाही? शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग स्वतः करून दाखवावा. जाड कागदाचा द्रोण पाण्याने भरून मेणबत्तीच्या ज्योतीवर धरा. कागद पेटत नाही, कारण त्याला लागलेली उष्णता पाणी लगेच काढून घेते. पण ज्योत द्रोणाच्या कोरड्या कडेला लागू द्या, कड जळालीच म्हणून समजा. इंजिनाचेही तसेच आहे. सिलिंडरभोवती पाणी खेळते आहे तोवर धातू सुरक्षित. पाणी हटले की डोके वाकते, गॅस्केट जळते, आणि मालकाची महिन्यांची कमाई दुरुस्तीत जाते.

आता उष्णतेची वाट पाहा. पंप पाणी इंजिनात ढकलतो. तापलेले पाणी थर्मोस्टॅट नावाच्या झडपेतून, वरच्या रबरी नळीने रेडिएटरमध्ये येते. तिथे ते बारीक नळ्यांतून उतरते, पंखा त्यांवरून वारा ओढतो, आणि निवालेले पाणी खालच्या नळीने परत पंपाकडे जाते. बहुतेक दोष या फेरीतच कुठे तरी सापडतो.

पण शोधायला लागण्याआधी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका. हे झाकण प्रेशर कुकरसारखे काम करते. आतला दाब हवेच्या दाबापेक्षा चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो जास्त असेल, तर पाणी १०० अंशांऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळते. झाकण काढताच दाब सुटतो, पाण्याची एकदम वाफ होते आणि उकळता फवारा तोंडावर येतो. घाईने झाकण उघडणाऱ्याचे डोळेसुद्धा जाऊ शकतात. म्हणून निदान अर्धा तास थांबा. रेडिएटरला हात लावून धरता आला, की मग जाड फडके घालून झाकण थोडेसेच फिरवा, वाफ जाऊ द्या आणि नंतर काढा. तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतू नका. तापल्या तव्यावर पाणी मारल्यासारखे होऊन धातूला चीर जाते.

इंजिन निवाले, आता तपासणी. पहिला प्रश्न असा विचारा: ते तापते केव्हा? हळू चालताना, चढावरच तापत असेल तर वारा कमी पडतो आहे. पंख्याचा पट्टा ढिला झाला आहे का, तुटला आहे का, बघा. इंजिन बंद ठेवूनच अंगठ्याने दाबा; साधारण अर्ध्या इंचाहून फार जास्त दबला तर तो ढिला. रेडिएटरच्या जाळीत भुसा, उसाचे पाचट, किडे, धूळ अडकली असेल तर मागून पुढच्या बाजूस हलक्या पाण्याने धुवा. जोराच्या धारेने पत्रे वाकतात.

सपाट रस्त्यावर वेगात असतानाही तापते? मग रेडिएटरच्या नळ्या आतून भरल्या असण्याचा संभव मोठा. आपल्या घरच्या बंबात क्षाराचा पांढरा थर बसतो ना, तोच हा थर. विहिरीचे, बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे घातले की तो बसणारच. आणि वरची नळी चटका देते, खालची मात्र गार, असे असेल तर थर्मोस्टॅट उघडत नाही किंवा रेडिएटर चोंदला आहे.

पाणी कमी होते, पण गळती कुठेच दिसत नाही? तेलाची कांडी ओढून पाहा. तेल दुधाळ झाले असेल तर पाणी आत शिरते आहे. गॅस्केट गेले आहे असे समजून इंजिन सुरू न करता मिस्त्रीला बोलवा.

चालवण्याचाही भाग आहेच. चढावर वरच्या गिअरमध्ये रेटत राहिले की इंजिनाचे फेरे कमी पडतात, त्याबरोबर पंप आणि पंखाही मंदावतात. वेळेवर खालचा गिअर टाकावा. काटा वर सरकू लागला की जागा पाहून थांबा. पाणी शाबूत असेल, पट्टा धड असेल, तर इंजिन दोन-चार मिनिटे तसेच मंद चालू ठेवा, म्हणजे उष्णता निघून जाईल. वाफ येत असेल किंवा पट्टा तुटला असेल तर ताबडतोब बंद करा. आणि बरं का, इंजिन तापलेले असून काटा अचानक खाली आला, तर हायसे वाटून घेऊ नका. काट्याला खबर देणाऱ्या भागाभोवती पाणीच उरले नसेल, असाही त्याचा अर्थ असतो.

साध्या पाण्याऐवजी कंपनीने सांगितलेले कूलंट वापरावे. त्याने गंज व थर दोन्ही कमी होतात. मात्र ते बहुधा विषारी असते आणि चवीला गोड लागते, म्हणून सांडलेले तसेच सोडू नये. मुले आणि गुरे त्यापासून दूर ठेवावीत.

तेव्हा, वाफ दिसली की आधी थांबा, मग इंजिन निवू द्या, आणि पाण्याचा डबा उचलण्यापूर्वी पट्टा, जाळी, दोन्ही नळ्या आणि तेल एवढे पाहून घ्या. दोष सापडला तर पाणी कामाला येईल. नाही तर पुढच्या वळणावर पुन्हा डबा घेऊन निघावे लागेल.