कर्मरज पडद्यावर

जांभळाच्या झाडाखाली सहा भुकेले वाटसरू उभे असल्याचे चित्र पाहिलेले नाही, असे जैन घर विरळाच. पहिला झाड मुळापासून तोडायला निघतो. दुसरा मोठ्या फांद्यांवर कुऱ्हाड उगारतो, तिसरा डहाळ्या ओढतो, चौथा घोसच्या घोस खुडतो, पाचवा फक्त पिकलेली फळे काढतो आणि सहावा खाली पडलेली फळे वेचून खातो. झाड एकच, भूकही सहा जणांची सारखीच. निराळा आहे तो भाव. म्हणून चित्रकार त्यांना कृष्णापासून शुक्लापर्यंत सहा लेश्यांचे सहा रंग देतो. मंदिराच्या भिंतीवर किंवा पाठशाळेच्या तक्त्यावर हे चित्र पाहून ज्या मुलाला लेश्या समजली, त्याला पुढे तिची व्याख्या पाठ करणे जड गेले नाही.

कर्मसिद्धांत चित्रातून सांगण्याची आपली परंपरा अशी जुनी आहे. ताडपत्र, कापड, कागद आणि भिंत यांच्या जोडीला आता संगणकाचा पडदा आला आहे. पुण्याजवळ इंद्रायणीच्या काठी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अभय प्रभावना संग्रहालयात जैन तत्त्वविचार सांगण्यासाठी शिल्पांबरोबरच ॲनिमेशन आणि संवादी माध्यमांचाही आधार घेतला आहे. घरोघरी मुलांच्या हातातील मोबाइलवर तीर्थंकरचरित्रांची चलच्चित्रे दिसतात. डिजिटल चित्रकाराच्या हाती आलेले हे सामर्थ्य मोठे आहे. त्यामुळे त्याने कर्माचे चित्र कसे काढावे, हा प्रश्न केवळ कलेचा राहत नाही. पुढच्या पिढीची धर्माविषयीची समजूत त्याच्याशी बांधलेली आहे.

तराजू कोणाच्या हाती?

कर्म म्हटले की सामान्यतः डोळ्यांपुढे येतो तो तराजू, फिरणारे चक्र किंवा पापपुण्याची वही. ही चित्रे आकर्षक असली तरी जैन सिद्धांताशी त्यांचा मेळ बसत नाही. तराजू आला की तो धरणारा हात आला आणि वही आली की ती लिहिणारा कारकून आला. जैन दर्शनात असा कोणी न्यायाधीश किंवा हिशेबनीस नाही. जीव स्वतःच बांधतो, स्वतःच भोगतो आणि स्वतःच सुटतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. इतर अनेक दर्शनांत कर्म ही क्रिया, संस्कार किंवा अदृष्ट शक्ती मानली जाते. जैन दर्शनाने मात्र भावकर्माबरोबर द्रव्यकर्मही मानले आणि हे द्रव्यकर्म पुद्गल आहे, अत्यंत सूक्ष्म असले तरी मूर्त आहे, असे सांगितले. म्हणूनच आपल्याकडे ‘कर्मरज’ हा शब्द रूढ झाला. आत्मा अमूर्त असल्याने त्याचे चित्र काढता येत नाही. कर्म मात्र तत्त्वतः रूपी आहे. इंद्रियांना ते दिसत नाही, पण त्याची कल्पना कणांच्या रूपात करणे सिद्धांताला धरून आहे.

आठ कर्मांसाठी आचार्यांनी दिलेले दृष्टांत तर चित्रकारासाठी तयार विषयच आहेत. ज्ञानावरणीय म्हणजे आड आलेला पडदा, दर्शनावरणीय म्हणजे राजदर्शन रोखणारा द्वारपाल, वेदनीय म्हणजे मध माखलेली तलवारीची धार, मोहनीय म्हणजे मद्य, आयुकर्म म्हणजे पायातील खोडा. गोत्रकर्म लहानमोठी भांडी घडविणाऱ्या कुंभारासारखे आहे. अंतराय कर्म राजाची आज्ञा असूनही दान रोखून धरणाऱ्या भांडाऱ्यासारखे आहे. आणि शरीर, आकार, स्वर अशी नाना रूपे रंगविणाऱ्या नामकर्माला आचार्यांनी चित्रकाराचीच उपमा दिली आहे. कर्माचे चित्र काढायला बसलेल्या कलावंताने ही उपमा वाचून क्षणभर थांबावे, अशीच ती आहे.

कणांचे गणित

संगणकीय चित्रकलेत धूर, आग, पाऊस, धूळ दाखविण्यासाठी जी पद्धत वापरतात तिला पार्टिकल सिस्टिम, म्हणजे कणप्रणाली, म्हणतात. १९८२ च्या ‘स्टार ट्रेक २ : द रॅथ ऑफ खान’ या चित्रपटात एका ओसाड ग्रहावर पसरत जाणारी आगीची लाट दाखवायची होती. लुकासफिल्म या संस्थेत काम करणारे विल्यम रीव्ह्ज यांनी ती एकसंध आकृती म्हणून न रेखाटता असंख्य कणांतून उभी केली आणि १९८३ मध्ये त्या पद्धतीवर शोधनिबंध लिहिला. यात कलावंत प्रत्येक कण हाताने काढत नाही, तो नियम ठरवतो. किती कण यावेत, त्यांचा रंग व आकार कसा असावा, ते किती काळ टिकावेत, एवढे ठरवले की पुढचे चित्र नियमांनुसार घडत जाते.

कर्मग्रंथांचा थोडाफार परिचय असलेल्या वाचकाला येथे ओळखीचे काही दिसेल. तत्त्वार्थसूत्रात बंधाचे चार प्रकार सांगितले आहेत : कर्माचा स्वभाव तो प्रकृतिबंध, टिकण्याची मुदत तो स्थितिबंध, फळ देण्याची तीव्रता तो अनुभागबंध आणि कणांचे प्रमाण तो प्रदेशबंध. देवेंद्रसूरींनी आपल्या पहिल्या कर्मग्रंथात यासाठी मोदकाचा दृष्टांत घेतला आहे. एखादा औषधी मोदक वात हरतो, एखादा पित्त. कोणता किती दिवस टिकेल ते ठरलेले असते. कोणाची चव तीव्र तर कोणाची सौम्य असते. कोणी लहान तर कोणी मोठा असतो. स्वभाव, मुदत, तीव्रता, प्रमाण ही चार मापे कलावंत कणप्रणालीतही ठरवू शकतो. याचा अर्थ संगणकाने कर्मसिद्धांत सिद्ध केला असा मुळीच नाही. तसा दावा करणे हा उत्साहाचा अतिरेक होईल. मात्र नियमाने चालणारी, कर्त्याच्या हस्तक्षेपाविना घडत जाणारी प्रक्रिया दाखविण्यास हे माध्यम स्थिर चित्रापेक्षा सोयीचे आहे, एवढे निश्चित.

खरी कसोटी याच्या पुढे आहे. कण येतात कशाने आणि चिकटतात कशाने? शास्त्र सांगते, मन, वचन, कायेच्या योगाने कर्म येते आणि प्रकृती व प्रदेश ठरतात. कषायाने स्थिती व अनुभाग ठरतात. वारा धूळ आणतो, पण ती राहते तेल माखलेल्या अंगावर. उत्तराध्ययन सूत्रातील दृष्टांत याहून साधा आहे. मातीचे दोन गोळे भिंतीवर फेकले; ओला चिकटला, सुका गळून पडला. वीतराग पुरुषाला योगामुळे कर्माचा स्पर्श होतो, पण कषाय नसल्याने ते थांबत नाही, लगेच झडते. यालाच ईर्यापथ आस्रव म्हणतात. पडद्यावर नुसती काळी धूळ उडविली तर ते कर्माचे अर्धेच चित्र होईल. चित्र पूर्ण करायचे तर क्रोध, मान, माया, लोभ यांचा ओलावा दिसला पाहिजे.

धूळ काळीच असावी हेही योग्य नाही. पुण्य हेसुद्धा कर्मच आहे. बेडी सोन्याची असली तरी ती बेडीच. शुभ कण सोनेरी दाखविणाऱ्याने मोक्षाच्या क्षणी तेही झडताना दाखविले पाहिजेत.

प्रसन्नचंद्राची कथा

आज अशी मांडणी करता येते की प्रेक्षक पडद्यासमोर उभा राहिला की कॅमेरा त्याच्या हालचाली टिपतो. तो हलला की कण त्याच्या छायेकडे धावतात, स्तब्ध राहिला की ते विरळ होतात. मुलांना हे नक्कीच आवडेल. काययोगाचा पाठ म्हणून तो उपयुक्तही ठरेल. परंतु कॅमेऱ्याला शरीर दिसते, मन दिसत नाही.

प्रसन्नचंद्र राजर्षींची कथा येथे आठवते. राज्य बालपुत्राच्या हाती सोपवून ते दीक्षित झाले होते आणि कायोत्सर्गात निश्चल उभे होते. राजा श्रेणिकाने त्यांना वंदन केले आणि पुढे जाऊन भगवान महावीरांना विचारले, की असे ध्यानस्थ मुनी या क्षणी कालवश झाले तर कोणत्या गतीला जातील? उत्तर मिळाले, सातव्या नरकात. श्रेणिक चकित झाला. प्रत्यक्षात, मंत्री पुत्राचे राज्य हिरावून घेत आहेत हे बोलणे मुनींच्या कानी पडले होते आणि मनातल्या मनात त्यांनी युद्ध मांडले होते. शस्त्रे संपली तेव्हा डोक्यावरचा मुकुट शत्रूवर फेकावा म्हणून हात मस्तकाकडे गेला आणि लोच केलेल्या मस्तकाला लागला. त्या स्पर्शासरशी ते भानावर आले, पश्चात्तापाने मन निर्मळ झाले आणि थोड्याच वेळात केवलज्ञानाच्या देवदुंदुभी वाजल्या.

कॅमेऱ्याने या मुनींना संपूर्ण गुण दिले असते. शरीर अचल होते आणि आत बंधाचे वादळ चालू होते. स्थिर चित्राला या कथेसाठी दोन-तीन चौकटी लागतात. डिजिटल माध्यमात मात्र बाहेरची आकृती तसूभरही न हलविता आतील कणांचे वादळ, मस्तकाला लागलेला हात आणि त्यानंतरचे शमणे सलग दाखविता येईल. प्रेक्षकाला उपदेशाचा एक शब्दही न सांगता कळेल, की बंध आणि मोक्ष यांमधील अंतर भावाचे आहे.

फळाचे चित्र, करुणेचे भान

कर्मफळाची चित्रे काढताना एक मोठी चूक सहज घडते. अमुक पाप केले म्हणून अंधत्व, तमुक केले म्हणून दारिद्र्य, असे सरळ बाण काढलेले तक्ते अनेकांनी पाहिलेले असतात. हेतू पापभीरुता निर्माण करण्याचा असतो. पण व्हीलचेअरवर बसलेल्या एखाद्या मुलाने तो तक्ता पाहिला, तर त्याच्या मनात काय येईल? आणि शेजारी उभा असलेला त्याचा मित्र त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहील? आजाऱ्याच्या उशाशी बसून ‘ज्याचे त्याचे कर्म’ म्हणणे सोपे असते. परंतु कर्मसिद्धांत स्वतःकडे पाहण्यासाठी आहे, दुसऱ्याकडे बोट दाखविण्यासाठी नाही. दुःखी जीवाकडे पाहून करुणेऐवजी निवाडा मनात आला, तर पाहणाऱ्याचाच नवा बंध सुरू झाला.

शिवाय असे चित्र सिद्धांताच्या दृष्टीनेही अपुरे आहे. गोम्मटसारात बंध, सत्ता, उदय यांच्याबरोबर उत्कर्षण, अपकर्षण, संक्रमण, उदीरणा, उपशम अशा अवस्थाही वर्णिल्या आहेत. बांधलेल्या कर्माची मुदत घटू शकते, तीव्रता मंदावू शकते, एक उपप्रकृती दुसरीत पालटू शकते. निकाचित कर्माचा अपवाद सोडला, तर पुरुषार्थाला मोठा वाव आहे. मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडता येते, तसेच काहीसे हे आहे. पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत दिलेला दृष्टांत तर आपल्या अंगणातला वाटतो. आंबा झाडावर कालांतराने पिकतो, तसाच तो उपायाने लवकरही पिकविता येतो. आपण अढी घालतो तशीच तपाने कर्माची निर्जरा होते. कारणापासून फळाकडे जाणाऱ्या एकाच ठाम बाणात ही आशा मावत नाही. नियम बदलताच दिशा बदलणाऱ्या कणांत ती मावू शकते.

रिकामी जागा

शेवटी प्रश्न उरतो तो आत्म्याचा. सर्व कण झडल्यावर पडद्यावर काय दाखवावे? बहुतेक कलावंत येथे डोळे दिपविणारा प्रकाश भरतात. आपल्या पूर्वजांनी निराळा मार्ग शोधला होता. दिगंबर परंपरेतील सिद्धप्रतिमेत धातूच्या पत्र्यातून उभ्या पुरुषाची आकृती कापून काढलेली असते. मूर्तीच्या जागी असते ती केवळ मोकळी जागा आणि तिच्यातून पलीकडचे सारे दिसते. अशरीरी, अमूर्त सिद्धाचे याहून समर्पक दर्शन कोणते असणार?

ती प्रतिमा घडविणाऱ्या कारागिराकडे संगणक नव्हता. काय काढून टाकायचे, हे मात्र त्याला ठाऊक होते. पडद्यावर हवे तेवढे रंग आणि हवे तेवढे कण भरण्याची सोय असलेल्या आजच्या कलावंताने त्याच्याकडून एवढे घ्यावे. आणि घरातील मोठ्यांनी मुलाच्या हातातील मोबाइलवर असे एखादे चित्र दिसले तर ते त्याच्यासोबत बसून पाहावे आणि त्याला विचारावे, की ही धूळ कशाने चिकटली असेल? सायंकाळच्या प्रतिक्रमणात आपणही स्वतःला तेच विचारत असतो.