लग्नात चित्र काढणारी मुलगी

यंदाच्या मे महिन्यात माझ्या पुतणीचं लग्न झालं. याद्या चालू असतानाच ती म्हणाली, "काकू, मला मांडवात एक चित्रकार बसवायचाय. पाहुण्यांची चित्रं काढून जागच्या जागी हातात द्यायची."

मी म्हटलं, "अगं, फोटोवाले दोन, व्हिडिओवाला एक, वर तो भिरभिरणारा ड्रोन. आता चित्रकार कशाला?"

पण हल्ली ही पद्धत आलीय खरी. परदेशातल्या लग्नांत सुरू झाली, मग मुंबई-पुण्यात आली आणि आता आपल्याकडेही येऊ लागलीय. मेंदीवाली, बांगड्यांचा स्टॉल असतो ना, तसंच एक टेबल. पाहुण्याने दोन मिनिटं बसायचं. चित्रकार मोबाइलवर फोटो घेतो, पेन्सिलीने हलकी आकृती काढतो, जलरंग भरतो आणि पोस्टकार्डाएवढं चित्र हातात ठेवतो. परतभेट म्हणून स्टीलची वाटी किंवा प्लास्टिकचा डबा देण्यापेक्षा बरं, असं पुतणीचं म्हणणं. पैसे कुठून आणायचे, तर फुलांची कमान रद्द करून. दीरांनी कपाळाला हात लावला, पण ऐकलं.

आमची चित्रकार कोल्हापूरची मुलगी. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर यांचं ते गाव, त्याला उगाच कलापूर म्हणत नाहीत. तिने फोनवरच सांगितलं, "एका चित्राला सात-आठ मिनिटं लागतात. चार तासांत जेमतेम तीस होतील."

आमच्याकडे पाने पाचशे! तीस कोण?

मग काय, मानपान सुरू. विहीणबाई म्हणाल्या, पंधरा तुमचे, पंधरा आमचे. मामांचं नाव घातलं तर मावसे रुसणार. नवऱ्याच्या ऑफिसातल्या साहेबांना बसवायलाच हवं, असं कुणीतरी म्हणालं. दोन दिवस यादी लिहायची न् खोडायची. शेवटी पुतणीच वैतागली. "ज्यांचा घरात एकही धड फोटो नाही, अशांनाच बसवायचं. दोन्हीकडचे."

घरात सगळे गप्प झाले. कारण गेल्याच वर्षी आमच्या चुलत सासूबाई गेल्या, तेव्हा भिंतीवर लावायला फोटो शोधता शोधता नाकी नऊ आले होते. शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून आणला. त्यात त्या अशा भेदरलेल्या दिसतात, की बघवत नाही. रविवर्म्याने बडोद्याच्या गायकवाडांची चित्रं काढली. आपल्या आज्या-पणज्यांना समोर बसवून कोण काढणार होतं?

लग्नाच्या दिवशी पहिल्या तीन चित्रांचा बोजवारा उडाला. टेबल लावलं होतं स्टेजशेजारी. तिथल्या गुलाबी-निळ्या दिव्यांत तिला रंगच कळेनात, सगळ्यांचे चेहरे जांभळट आले. मग आम्ही टेबल उचलून खिडकीपाशी नेलं. तुम्हीही ठरवणार असाल तर उजेडाची जागा आधी बघा. दर ताशी की चित्रामागे, कागद-रंग त्यात धरलेत का, तेही विचारून घ्या. शेजारी प्लग हवा, रंग वाळवायला ती केसांचा ड्रायर वापरते. आणि बाई, तिच्या जेवणाचं बघा! वाजंत्री आणि फोटोवाल्यांसारखं तिलाही आपण शेवटच्या पंगतीला विसरतो. मीच साडेतीनला ताट नेऊन दिलं.

यादीत आत्याबाई होत्या, माझ्या यजमानांच्या आत्या. वय ऐंशीच्या पुढे. बावीस वर्षांपूर्वी यजमान गेल्यापासून कुठल्याही लग्नात त्या मागच्या खुर्चीवर. हळदीला हात लावायचा नाही, ओवाळायला पुढे यायचं नाही, सवाष्णींच्या फोटोत तर नाहीच. कुणी स्पष्ट सांगत नाही हो, पण कुणी बोलवतही नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, त्याची बातमी मीच त्यांना वाचून दाखवली होती. "चांगलं केलं," एवढंच म्हणाल्या होत्या. आणि आमच्या घरच्या पुढच्याच बारशात पुन्हा मागे बसल्या. मीही उठून पुढे आणलं नाही, हे खोटं कशाला बोलू?

पुतणी अंगावर शालू घेऊन स्वतः त्यांना न्यायला गेली. "माझं कसलं चित्र काढतेस? नव्या जोडप्याचं काढ." पण नवरीनेच हात धरल्यावर काय करतील? बसल्या. पदर सारखा केला. मुलीने विचारलं, "आजी, टिकली काढू का?"

आम्ही चार-पाच जणी उभ्या होतो, सगळ्यांनी श्वास धरला.

आत्याबाई जराशा थांबल्या. "आहे तसं काढ. फक्त इरकलीचा काठ नीट काढ हो, तो मी निवडलाय."

आठ मिनिटांनी चित्र हातात आलं. चष्मा वर करून त्यांनी बराच वेळ बघितलं. म्हणाल्या, "अगंबाई, माझे कान थेट आईसारखे आहेत की! कधी लक्षातच नाही आलं." त्यांच्या आईचा तर आधार कार्डावरचाही फोटो नव्हता.

तीसची अठ्ठावीस झाली. दोघं राहिले, त्यातले एक मामा अजून फुगलेत. चित्रकार बोलवणं सगळ्यांच्या खिशाला परवडेल असं मी म्हणणार नाही. पण प्रत्येक गावात शाळेचे चित्रकलेचे सर असतात, एलिमेंटरी-इंटरमिजिएट झालेली पोरं-पोरी असतात. धाकट्या जावेच्या मुलीच्या लग्नात आम्ही त्यांनाच विचारणार आहोत. मानधन देऊन, फुकट नव्हे.

निघताना आत्याबाईंना लाडू-चिवड्याची पिशवी दिली, तर त्यांनी ती भाच्याच्या हातात दिली. चित्र मात्र लग्नपत्रिकेच्या पाकिटात घालून स्वतःच्या पर्समध्ये ठेवलं, आणि एसटीत बसल्यावर खिडकीतून मला विचारलं, "याला काचेची फ्रेम कुठे गं चांगली मिळेल?"