राग निवतो, द्वेष का निवत नाही?

राजसूय यज्ञात शिशुपालाचं शीर उडालं आणि त्याच्या देहातून निघालेलं तेज कृष्णात मिसळून गेलं, अशी भागवतात कथा आहे. जन्मभर ज्यानं कृष्णाला शिव्या घातल्या, त्याला भक्ताची गती कशी मिळाली, असं युधिष्ठिर विचारतो. सातव्या स्कंधात नारद उत्तर देतात, ते असं: कंस असो की शिशुपाल, त्यांना उठता-बसता कृष्णाखेरीज दुसरं काही सुचत नव्हतं. वैरानं का होईना, त्यांचं चित्त एका जागी जडलेलं होतं. कथेतला मोक्ष हा श्रद्धेचा विषय आहे, पण तिच्यातलं निरीक्षण तपासून पाहता येतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले मेंदूशास्त्रज्ञ सेमीर झेकी आणि त्यांचे सहकारी जॉन रोमाया यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग त्याच्या बराच जवळ जातो. त्यांनी १७ जणांना एमआरआय यंत्रात झोपवून चेहरे दाखवले. त्यांतला एक चेहरा त्या माणसाला ज्याचा मनापासून द्वेष वाटतो त्याचा होता, बाकीचे ओळखीचे पण ज्यांच्याविषयी बरं-वाईट काहीच वाटत नाही अशांचे. एक अपवाद सोडला तर सगळ्यांनी द्वेषासाठी निवडलेली व्यक्ती एकेकाळचं प्रेमाचं माणूस होती किंवा कामावरचा प्रतिस्पर्धी. द्वेषाचा चेहरा समोर येताच मेंदूतले जे भाग जागे झाले, त्यांतले पुटामेन आणि इन्सुला हे दोन भाग झेकी यांना आधीच्या प्रयोगांत प्रियजनाचा चेहरा पाहतानाही सक्रिय दिसले होते. फरक होता तो दुसरीकडे. प्रेमात माणसाविषयी निवाडा करणारा मेंदूचा बराच मोठा भाग थंडावतो, द्वेषात मात्र तो जवळजवळ पूर्ण जागा राहतो. हालचालीची पूर्वतयारी करणारा भागही सज्ज असतो.

सतरा माणसांवरून फार मोठा निष्कर्ष काढू नये, हे खरंच. एमआरआयला दिसतो तो रक्तप्रवाहातला बदल, आणि इन्सुला तर किळसेपासून वेदनेपर्यंत अनेक प्रसंगी सक्रिय होते. मेंदूत ‘द्वेषाची जागा’ सापडली, असं कुणी म्हणत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. पण द्वेष करणाऱ्याची विचारशक्ती झाकोळत नाही, ती हिशेब मांडत असते, ही गोष्ट वेगळ्या मार्गांनी आलेल्या पुराव्याशीही जुळते. अॅरिस्टॉटलनं वक्तृत्वशास्त्रावरच्या ग्रंथात राग आणि द्वेष काळजीपूर्वक वेगळे केले होते. राग एखाद्या व्यक्तीवर येतो, द्वेष अख्ख्या वर्गाचा करता येतो. राग काळानं ओसरतो, द्वेष ओसरत नाही. रागावलेल्याला समोरच्याला दुःख झालेलं पाहायचं असतं. द्वेष करणाऱ्याला समोरचा मुळात असायलाच नको असतो. आजचं मानसशास्त्र, विशेषतः इस्रायली संशोधक एरान हाल्पेरिन यांचं काम, या भेदाला नेमकं कारण पुरवतं. राग कृत्यावर असतो: तू हे केलंस. द्वेष स्वभावाविषयीच्या निर्णयावर उभा असतो: तू असाच आहेस आणि असाच राहणार. म्हणून द्वेष म्हणजे वाढलेला राग नव्हे. तो समोरच्याच्या न बदलणाऱ्या स्वभावावर दिलेला निकाल आहे. एकदा निकाल लागला की पुढची प्रत्येक गोष्ट त्याचा पुरावा ठरते. त्यानं माफी मागितली तर ते नाटक, मदत केली तर तो डाव. राग निवायला माफी पुरते. द्वेषाला ती पुरत नाही, कारण माफी कृत्याची मागता येते, असण्याची नाही.

हे खरं असेल, तर स्वभाव बदलतो असं पटल्यावर द्वेष सैल व्हायला हवा. हाल्पेरिन, मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासलं. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०११ मध्ये आलेल्या या अभ्यासात इस्रायली ज्यू, इस्रायलचे पॅलेस्टिनी नागरिक आणि वेस्ट बँकमधले पॅलेस्टिनी असे तीन गट होते. काहींना आक्रमक समूहांचं वागणं काळानुसार बदलतं असं सांगणारा छोटा लेख वाचायला दिला, तर काहींना ते बदलत नाही असं सांगणारा. लेखात शत्रूपक्षाचं नावसुद्धा नव्हतं. तरीही पहिला लेख वाचलेल्यांचं प्रतिपक्षाविषयीचं मत सौम्य झालं आणि तडजोडीची तयारी वाढली, तीही दोन्ही बाजूंना. एका लेखानं संघर्ष मिटत नाही, त्याचा परिणाम वर्षानुवर्षं टिकतो असंही यातून सिद्ध होत नाही. पण द्वेषाची इमारत कोणत्या खांबावर उभी आहे, ते इथे दिसतं.

धर्मांकडे या दृष्टीनं पाहिलं की त्यांचा दुहेरी वारसा उलगडतो. पतंजलींनी द्वेष पाच क्लेशांत मोजला आणि तो भोगलेल्या दुःखाच्या मागून येतो असं सांगितलं. बौद्ध विचारात लोभ आणि मोह यांच्यासोबत द्वेष हे अकुशलाचं मूळ आहे. दोन्हीकडे द्वेष ही करणाऱ्याच्या मनातली गाठ आहे, ज्याचा द्वेष करायचा त्याच्याविषयीचं सत्य नव्हे. ज्ञानेश्वरांनी तर पसायदानात दुष्टांचा नाश मागितलाच नाही. त्यांचा वाकडेपणा गळून पडावा आणि त्यांना सत्कर्माची गोडी लागावी, असं मागितलं. माणूस आणि त्याचं दुष्टपण वेगळं करता येतं, हे त्या मागण्यात गृहीत आहे, आणि हाल्पेरिन यांच्या प्रयोगात नेमकं हेच गृहीतक पणाला लागलं होतं. पण धर्माकडेच उलट शस्त्रही असतं. जन्मानं पवित्र आणि जन्मानं अपवित्र, तारलेले आणि कायमचे धिक्कारलेले, अशा न पुसणाऱ्या रेघा धर्मच ओढू शकतो. वैयक्तिक द्वेषात माणसाला स्वतः निकाल द्यावा लागतो. धर्माच्या नावानं आलेल्या द्वेषात तो तयार मिळतो, शिवाय पुण्याचा शिक्का मारून.

यावर एक रास्त आक्षेप आहे. शतकानुशतकं तुडवल्या गेलेल्यांना ‘द्वेष करू नका’ असं सांगणं हा अन्यायाच्या बाजूनं दिलेला सल्ला नाही का? निमूट राहण्यासाठी तो सल्ला दिला जात असेल, तर तो नक्कीच तसा आहे. पण अन्यायाविरुद्धच्या लढ्याला द्वेष लागतोच, हे मला मान्य नाही, आणि याला महाडइतकं ठोस उत्तर नाही. तिथल्या चवदार तळ्याच्या पाण्यासाठी झालेल्या १९२७ च्या सत्याग्रहाला ब्राह्मणेतर चळवळीतल्या जेधे-जवळकरांनी पाठिंबा देऊ केला तो ब्राह्मणांना त्यात घेऊ नये या अटीवर. बाबासाहेब आंबेडकरांनी ती अट नाकारली. आपलं वैर ब्राह्मण्याशी आहे, ब्राह्मणांशी नाही, ही भूमिका त्यांनी उघड मांडली. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली, तेव्हा तो ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्मानं ब्राह्मण होते. त्या संतापात काडीचीही कसर नव्हती. पण जन्मावरून माणसाचा निकाल लावणारी व्यवस्था मोडायला निघालेल्यांनी तसाच निकाल स्वतः लावायचं नाकारलं, आणि या नकारातच त्या लढ्याची वैचारिक ताकद आहे.

दुसरा आक्षेप असा की धर्म वेगळे तिथे द्वेष अटळच. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांच्या भारताविषयीच्या अभ्यासाला हे मान्य नाही. १९५० ते १९९५ या काळातल्या हिंदू-मुस्लिम दंगलींतल्या मृत्यूंपैकी खेड्यांतले मृत्यू ४ टक्क्यांहूनही कमी होते, तर अवघ्या आठ शहरांचा वाटा जवळजवळ निम्मा होता. अलिगढ आणि कालिकत या दोन शहरांत मुस्लिम लोकसंख्येचं प्रमाण साधारण सारखं, तरी अलिगढ पेटत राहिलं आणि कालिकत शांत. वार्ष्णेय यांना फरक सापडला तो दोन्ही समाजांना एकत्र बांधणाऱ्या व्यापारी संघटना, कामगार संघटना आणि पक्ष यांच्यात. नुसत्या ओळखीला मात्र मर्यादा आहे. संशोधक सलमा मूसा यांनी इराकमध्ये आयसिसच्या अत्याचारांनंतर ख्रिस्ती फुटबॉल संघांत मुस्लिम खेळाडू घातले. ख्रिस्ती खेळाडूंचं मैदानावरच्या मुस्लिम सहकाऱ्यांशी वागणं सुधारलं, काही महिन्यांनंतरही टिकलं. मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांपर्यंत ते फारसं पोहोचलं नाही.

म्हणून भिवंडीचा अनुभव मला अधिक मोलाचा वाटतो. १९७० आणि १९८४ च्या भीषण दंगलींनी होरपळलेलं हे यंत्रमागांचं गाव १९९२-९३ मध्ये, शेजारची मुंबई जळत असताना, शांत राहिलं. पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी त्याआधीच तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या होत्या. दोन्ही समाजांची माणसं आणि त्या भागातले पोलीस नियमित एकत्र बसत आणि गल्लीतल्या तक्रारी तिथेच निकाली काढत. या बैठकांनी कुणाचं हृदयपरिवर्तन केलं, असा दावा करायची गरज नाही. भोंग्याची तक्रार त्या भोंग्यापुरती आणि मिरवणुकीची त्या मिरवणुकीपुरती राहायची. ‘यानं हे केलं’ याचं ‘ते लोक असेच’ व्हायच्या आत कुणीतरी ओळखीचा माणूस उत्तर द्यायला समोर बसलेला असायचा.