पलटण गेली, पेन्शनपुरा राहिला

हिंगोलीत पत्ता विचारला की पलटण, रिसाला, तोफखाना, सदर बाजार, पेन्शनपुरा अशी नावे कानावर पडतात. हे गाव छावणीच्या पगारावर वाढले, याचा एवढा उघड पुरावा दुसरा नाही. इथे 1803 मध्ये टिपूशी लढाई झाली, असेही सांगितले जाते. टिपू मात्र 1799 मध्येच श्रीरंगपट्टणला पडला होता.

खरा इतिहास कमी रंजक नाही. निजामाच्या पैशावर पोसलेली, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालची फौज निजामाच्या दरबारातल्या इंग्रज रेसिडेंट हेन्री रसेलने उभी केली. याच फौजेने जानेवारी 1819 मध्ये हटकर सरदार नौसाजी नाइकांची नोव्ह्याची गढी घेतली. पैनगंगेपलीकडच्या वऱ्हाडावर नजर ठेवायला हिंगोली सोयीची. इथे कायमची छावणी झाली. पुढे ही फौज हैदराबाद कंटिन्जंट म्हणून ओळखली गेली.

शिपायांचा पगार जिथे खर्च होतो, तिथे व्यापारी येतात आणि त्यांच्या मागोमाग ठगही. हरिसिंग हा हिंगोलीतला प्रतिष्ठित कापडव्यापारी. मुंबईहून माल आणायचा म्हणून त्याने अधिकाऱ्याकडून रीतसर परवाना घेतला. प्रत्यक्षात मुंबईहून माल घेऊन निघालेल्या दुसऱ्याच व्यापाऱ्याला त्याने सोबत्यांसह वाटेत मारले आणि तो माल सरकारी परवान्यावर आणून छावणीतच विकला. 1830 च्या दशकात इंग्रज अधिकारी स्लीमनची ठगविरोधी मोहीम इथवर पोचली, तेव्हा हे बाहेर आले. माफीच्या साक्षीदारांनी दाखवलेल्या जागा खणल्यावर पहारेकऱ्यांपासून हाकेच्या अंतरावर प्रेते निघाली. बंदोबस्तासाठी बसवलेल्या फौजेच्या नाकासमोर हे चालले होते!

या फौजेचा खर्च निजामाला झेपेना. थकबाकी वाढली आणि 1853 च्या तहाने वऱ्हाडच इंग्रजांच्या ताब्यात द्यावा लागला. ज्या शिपायांपायी मुलूख गेला, तेच 1858 मध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या हाताखाली झाशीकडच्या मोहिमेत लढले. हे निजामाचे सैन्य म्हणायचे ते कागदावरच.

1902 मध्ये वऱ्हाड वर्षाला 25 लाखांच्या कायम भाडेपट्ट्याने इंग्रजांकडे राहिला. पुढच्या वर्षी कंटिन्जंट हिंदी लष्करात विलीन झाली, छावणी उठली. बाजार मात्र कापसावर तगला. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. आज राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 12 इथेच आहे.