जुन्या जीपला वळण लावताना

ग्रामीण महाराष्ट्रातल्या एका सबंध पिढीने मोटार प्रथम पाहिली ती जीपच्या रूपात. लस टोचणारे पथक, शाळा तपासायला येणारे साहेब, निवडणुकीच्या मतपेट्या, सगळे जीपमधूनच यायचे. ही जीप मूळची अमेरिकन. दुसऱ्या महायुद्धात सैन्याला लहान, हलकी आणि चारही चाकांना जोर देणारी गाडी हवी होती. विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी १९४१ ते १९४५ या काळात अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. युद्धानंतर तिचे नागरी रूप आले. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत माझगाव येथे सुटे भाग आणून जीप जोडायला सुरुवात केली. पुढे सीजे-थ्री-बी या १९५३ सालच्या अमेरिकन नमुन्यावर आधारलेल्या जीप आपल्याकडे एकविसाव्या शतकापर्यंत बनत राहिल्या.

आता या जुन्या जीप हौसेने दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणल्या जातात. त्या वेळी दोन प्रश्न उभे राहतात. गाडी मूळ स्थितीत कशी आणायची? आणि ती वळणावर अधिक चांगली चालावी म्हणून काय करायचे? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याचदा "मोठे टायर बसवा, गाडी उंच करा" असे दिले जाते. हे उत्तर धोक्याचे आहे. का, ते समजण्यासाठी आठवी-नववीच्या पुस्तकातले भौतिकशास्त्र पुरेसे आहे.

वळणावर काय होते?

गाडी वळते तेव्हा तिला वर्तुळाच्या केंद्राकडे खेचणारे बल लागते. ते फक्त एकाच ठिकाणाहून मिळू शकते, टायर आणि रस्ता यांमधील घर्षणातून. हे बल जमिनीलगत लागू होते. गाडीचा गुरुत्वमध्य मात्र जमिनीपासून काही उंचीवर असतो. त्यामुळे गाडी बाहेरच्या बाजूला कलंडू पाहते, आतल्या चाकांवरचा भार कमी होतो आणि बाहेरच्या चाकांवरचा वाढतो. आतल्या चाकांवरचा भार शून्य झाला की गाडी उलटण्याच्या काठावर येते.

ही सीमा एका साध्या गुणोत्तराने सांगता येते. डाव्या-उजव्या चाकांमधील रुंदीला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागा. येणाऱ्या संख्येला आपण 'स्थैर्यांक' म्हणू. वळणाचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या जितके पट झाले की गाडी उलटू लागेल, ती ही संख्या. अमेरिकेतील सरकारी सुरक्षा संस्था २००१ पासून गाड्यांच्या उलटण्याच्या धोक्याचे मूल्यमापन याच गुणोत्तराच्या आधारे करू लागली. त्यात वजन कुठेच नाही, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावे. 'जड गाडी उलटत नाही' हा समज त्यामुळे आपोआप दूर होतो.

जुन्या जीपच्या चाकांमधील रुंदी सुमारे १२३ सेंटिमीटर आहे. गुरुत्वमध्याची उंची ६१ सेंटिमीटर धरली तर रिकाम्या जीपचा स्थैर्यांक सुमारे १ येतो. आता तिच्यात प्रवासी भरू. जीपचे वजन ११०० किलो माना. प्रत्येकी ५५ किलोची दहा माणसे बसली आणि त्यांचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ११० सेंटिमीटरवर आहे असे समजा. एकत्रित गुरुत्वमध्य ७७ सेंटिमीटरवर जातो आणि स्थैर्यांक ०.८ होतो. त्यातच टपावर, म्हणजे १९० सेंटिमीटर उंचीवर, ३०० किलोचा बोजा चढवला तर तो ०.६५ वर येतो.

कोरड्या डांबरी रस्त्यावर टायरचा घर्षण गुणांक साधारण ०.७ ते ०.८ असतो. रिकामी जीप वेगात वळवली तर ती उलटण्याआधी घसरेल. घसरणे वाईटच, पण त्यातून सावरण्याची संधी असते. टपावर बोजा असलेली जीप घसरण्याआधीच उलटेल. गाडी तीच, चालक तोच, रस्ताही तोच. अपघाताचा प्रकार मात्र बदलला. आपल्याकडे वडाप जीपच्या टपावर आणि मागच्या फळीवर माणसे बसतात, तेव्हा नेमके हेच घडत असते.

वेगाच्या भाषेत पाहू. वळणाची त्रिज्या २५ मीटर असेल तर स्थैर्यांक १ असलेली गाडी ताशी सुमारे ५६ किलोमीटरला उलटण्याच्या सीमेवर येते. स्थैर्यांक ०.८ असेल तर ५० ला आणि ०.६५ असेल तर ४५ लाच. चालकाला काट्यावर दिसणारा फरक ११ किलोमीटरचा. प्रत्यक्षात सीमा याहूनही अलीकडे असते, कारण स्प्रिंग दबून गाडीचे शरीर बाहेर झुकते आणि गुरुत्वमध्यही बाहेर सरकतो. चाक रस्त्याच्या कडेच्या मातीत रुतले किंवा दगडाला अडले तर गाडी त्याहूनही कमी वेगात उलटते.

सुधारणेच्या नावाखाली

आता 'मोठे टायर बसवा' या सल्ल्याकडे वळू. उंच टायर आणि उंच कमानी बसवून गुरुत्वमध्य १० सेंटिमीटर वर गेला तर रिकाम्या जीपचा स्थैर्यांक १ वरून ०.८७ वर घसरतो. ओढा ओलांडताना ही उंची उपयोगी पडेल; घाटातल्या वळणावर नाही. उलट, चाकांमधील रुंदी १० सेंटिमीटरने वाढवली तर स्थैर्यांक सुमारे १.०९ होतो. पण चाक बाहेर सरकवले की त्याच्या बेअरिंगवर आणि स्टिअरिंगच्या सांध्यांवर जास्तीचा ताण येतो. फुकट काहीच मिळत नाही.

जीपच्या इतिहासातही हा धडा आहे. सीजे मालिकेतील सीजे-फाइव्ह ही जीप उलटण्याचा प्रश्न १९८० मध्ये अमेरिकेत दूरदर्शनवर आणि पुढे न्यायालयांत गाजला. तिच्या मालिकेची जागा घेणारी रँग्लर १९८७ सालचा नमुना म्हणून आली, ती आधीपेक्षा रुंद आणि काहीशी बुटकी होती. तिला शरीराचा झुकाव रोखणारे आडवे दांडेही दिलेले होते. महिंद्रच्या २०२० च्या थारमध्ये पुढची चाके स्वतंत्रपणे वरखाली होतात आणि चारही चाकांवर पाट्यांऐवजी गुंडाळी स्प्रिंग आहेत. म्हणजे कारखान्यातल्या अभियंत्यांनी जी दिशा घेतली, तिच्या नेमक्या उलट दिशेने हौशी मंडळी पुष्कळदा जातात.

आधी ढिलाई काढा

जुनी जीप सरळ रस्त्यावरही इकडेतिकडे भरकटते, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. मेकॅनिक म्हणतात, "स्टिअरिंगला प्ले आलाय." हा प्ले एका जागी नसतो. स्टिअरिंगचा डबा, त्यातून निघणारा दांडा, चौकटीच्या पुढच्या आडव्या तुळईवरचा फिरता तुकडा, दोन्ही चाकांकडे जाणारे टाय रॉड, त्यांचे गोळीसांधे आणि चाक ज्याभोवती वळते तो किंगपिन, अशी ही साखळी आहे. प्रत्येक सांध्यात थोडी झीज झाली तरी सगळ्यांची बेरीज होते. म्हणून दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा. आधी सांधे आणि बेअरिंग, मग पाट्यांच्या कमानी व त्यांचे बुश, मग शॉक अॅब्सॉर्बर, मग टायर. एवढे झाल्याशिवाय 'सुधारणा' हा शब्द काढू नये. ढिल्या गाडीवर महागडे टायर चढवणे म्हणजे भिंतीला ओल असताना रंग देणे.

किंगपिन उभा दिसला तरी तो थोडा मागे कललेला असतो. जीपमध्ये हा कल सुमारे तीन अंशांचा आहे. किंगपिनची रेषा खाली वाढवली तर ती टायर जमिनीला टेकतो त्या जागेच्या किंचित पुढे जमिनीला मिळते. जीपच्या टायरची त्रिज्या ३६ सेंटिमीटर धरली तर हे अंतर जेमतेम दोन सेंटिमीटर भरते. एवढ्याशा अंतरामुळे टायर त्या रेषेच्या मागे ओढला जातो आणि वळण संपले की चाके आपोआप सरळ होतात. इस्पितळातल्या ढकलगाडीची पुढची चाके अशीच दिशा धरतात. गाडी उंच करण्यासाठी कमानीच्या टोकाचे शॅकल बदलले की आस फिरतो, हा कल बदलतो आणि चाके आपोआप सरळ होण्याचा गुण बिघडू शकतो.

याच ढकलगाडीचे चाक कधी कधी वेगात थरथरू लागते. जीपची पुढची चाकेही तशीच थरथरतात. ताशी ६० किलोमीटर वेगाला जीपचे चाक सेकंदाला सुमारे सात फेरे घेते. टायर असमतोल असेल तर सेकंदाला सात धक्के बसतात. चाक आणि सांधे यांची नैसर्गिक कंप्रता त्याच्या जवळ असली की अनुनाद होतो आणि स्टिअरिंग हातात धरवत नाही. किंगपिनची बेअरिंग योग्य दाबाने घट्ट केली, चाक समतोल केले आणि सांधे बदलले की थरथर बहुधा जाते.

हवा भरण्याचे शास्त्र

टायर वळणावर थोडा पिळला जातो, म्हणून चाक ज्या दिशेला पाहते त्यापेक्षा किंचित बाहेरच्या दिशेने ते जाते. या फरकाला आपण घसरकोन म्हणू. पुढच्या चाकांचा घसरकोन जास्त असेल तर गाडी अपेक्षेपेक्षा कमी वळते. मागच्यांचा जास्त असेल तर जास्त वळते आणि वेगात गिरकीही घेऊ शकते. टायरमधील हवेच्या दाबावर हा कोन अवलंबून असतो.

याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १९६० सालची शेव्रोले कॉर्व्हेअर ही लहान अमेरिकन मोटार. तिचे इंजिन मागे होते आणि साठ टक्क्यांहून अधिक वजन मागच्या चाकांवर. म्हणून पुढच्या टायरमध्ये १५ आणि मागच्या टायरमध्ये २६ पौंड दाब ठेवावा, असे कंपनीने सांगितले होते. चारही चाकांत सारखी हवा भरली की हा समतोल बिघडायचा. १९६५ मध्ये राल्फ नेडर यांच्या पुस्तकाने या गाडीवर कठोर टीका केली. १९६४ आणि १९६५ च्या नमुन्यांत कंपनीने मागच्या चाकांची रचना सुधारली. पुढे १९७२ मधील सरकारी अभ्यासात मूळ गाडी समकालीन गाड्यांपेक्षा वाईट नव्हती, असा निष्कर्ष निघाला. वाद कसाही असो, गाडी कशी वळते हे हवेच्या पंपावरही ठरते, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे.

मैदानावरचे दोन प्रयोग

आमचे जूचंद्र हे वसई तालुक्यातील गाव रांगोळीसाठी नावाजलेले आहे. रांगोळी हे मोजमापाचे उत्तम साधनही आहे. मैदानावर तिचा पातळ थर पसरा आणि त्यावरून सायकल किंवा गाडी हळू वळवा. उमटलेल्या कमानीवर दोन बिंदूंमध्ये दोरी ताणा. दोरीची लांबी आणि तिच्या मध्यापासून कमानीपर्यंतचे अंतर मोजा. लांबीच्या वर्गाला त्या अंतराच्या आठपटीने भागा आणि आलेल्या संख्येत त्या अंतराचा निम्मा भाग मिळवा. ही वळणाची त्रिज्या. जीवेवरचे प्रमेय येथे प्रत्यक्ष उपयोगी पडते.

दुसऱ्या प्रयोगासाठी एक फळी आणि खेळण्यातली जीप घ्या. जीप फळीवर आडवी ठेवा, खालच्या चाकांपाशी आगपेटीच्या काड्या चिकटवून घसरण थांबवा आणि फळीची एक बाजू उचला. जीप उलटते त्या क्षणीच्या कोनाचा टॅन्जंट म्हणजेच तिचा स्थैर्यांक. नंतर टपावर मातीचा गोळा चिकटवून पुन्हा मोजा.

जुनी गाडी जपणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भारतात २०२१ मध्ये झालेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होते, पण तिची चौकट, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठे फेरफार केलेले नसावेत. येथे कायदा आणि भौतिकशास्त्र एकाच बाजूला उभे आहेत: मूळ मापे नीट राखलेली जीप हीच बहुधा सर्वांत चांगली वळणारी जीप असते.

प्रयोग झाल्यावर विद्यार्थ्यांना एक गृहपाठ द्यावा. ज्या रिक्षातून किंवा व्हॅनमधून ते शाळेत येतात, तिच्या चाकांमधील रुंदी मोजायची. मुले किती, दप्तरे आत की टपावर, हे लिहायचे आणि गुरुत्वमध्याच्या उंचीचा अंदाज करून स्थैर्यांक काढायचा. दप्तरे टपावरून खाली उतरवली तर तो किती वाढतो, तेही काढायचे. हे उत्तर वहीत न ठेवता रिक्षावाल्या काकांना दाखवावे.