टाकी फुल आहे, पण किती मिनिटांची?

बारामती, धुळे किंवा गोंदियाला विमान उडवायला शिकणाऱ्या मुलांना घरचे हमखास विचारतात, ‘टाकी फुल करूनच निघता ना?’ प्रश्न काळजीपोटी असतो, पण उत्तर दर वेळी ‘हो’ नसते. सेसना १७२एस या छोट्या विमानाच्या पंखांतल्या टाक्यांत सुमारे २१२ लिटर इंधन मावते. त्यातले २०० लिटरच वापरता येते. बाकीचे इंजिनापर्यंत पोचेल याची खात्री नसते. या २०० लिटरचे वजन साधारण १४५ किलो. उड्डाणाच्या वेळी विमानाचे एकूण वजन ११५७ किलोंपुढे जाऊन चालत नाही. चार धडधाकट माणसे बसली, की टाकी थोडी रिकामी ठेवावी लागते, नाहीतर एकाला खाली उतरवावे लागते.

मग किती आहे ते काटा सांगेलच, असे मोटार चालवणाऱ्याला वाटते. छोट्या विमानाच्या काट्यावर इतका भरवसा कुणी जाणता वैमानिक टाकत नाही. निघण्यापूर्वी टाकीत पट्टी बुडवून मोजायचे आणि वर गेल्यावर घड्याळ पाहायचे. तासाला ३५ लिटर धरले, तर २०० लिटर म्हणजे कागदावर साडेपाच तासांहून थोडे जास्त. पण विमानाच्या माहितीपुस्तकातला आकडा हवा-इंधनाचे मिक्श्चर नीट ‘लीन’ केल्यावरचा, म्हणजे त्यातले इंधन कमी केल्यावरचा असतो. मिक्श्चरचा दांडा पुढेच ढकललेला राहिला, तर त्याच वेळात बरेच जास्त इंधन जळते.

वाऱ्याबद्दलचा गैरसमज मात्र भल्याभल्यांना असतो. जाताना समोरून आला तरी येताना पाठीमागून मिळेल, म्हणजे फिटंफाट! हिशेब करून पाहा. १०० नॉटने, म्हणजे तासाला १०० सागरी मैलांनी जाणारे विमान १०० सागरी मैल जाऊन परत येते. वारा नसेल तर दोन तास. ३० नॉटचा वारा असेल तर जाताना ७० नॉटने १ तास २६ मिनिटे, येताना १३० नॉटने ४६ मिनिटे. एकूण २ तास १२ मिनिटे. उलट्या वाऱ्यात आपण जास्त वेळ असतो, म्हणून तोटा कधीच पुरता भरून निघत नाही. अमेरिकेत दृश्य-नियमांखाली, म्हणजे बाहेर पाहून, दिवसा उडणाऱ्या विमानाने ३० मिनिटांचे इंधन राखीव धरून निघायचे असते, रात्री ४५. यातली १२ मिनिटे वाऱ्यानेच खाल्ली तर वाटेतल्या विमानतळावर उतरून इंधन घ्यायचा निर्णय तिथे पोचण्याआधी व्हायला हवा, तो मागे पडल्यावर नव्हे.

इंधन असले म्हणजे इंजिन चालणार, हेही खरे नाही. गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियात माँटेरेच्या समुद्रात स्वतः चालवत असलेल्या विमानासह कोसळला, तेव्हा तो दुसऱ्या टाकीवर जायच्या खटपटीत असावा, असे चौकशीत निघाले. टाकी बदलण्याचा खटका त्याच्या विमानात डाव्या खांद्यामागे बसवला होता. निघण्यापूर्वी इंधन भरू का, असे विचारले असता त्याने नको म्हटले होते. आणि हे काही नवशिक्यांचेच दुखणे नाही: अमेरिकेच्या अपघात तपास संस्थेच्या २०१७ च्या इशाऱ्यानुसार इंधनाच्या अपघातांतले जवळपास निम्मे वैमानिक व्यावसायिक किंवा त्याहून वरच्या परवान्याचे होते.

शेवटचा गैरसमज रेडिओवरचा. इंधन कमी आहे म्हटले की कंट्रोलर आपल्याला पुढे घेईल, ही समजूत जीवघेणी आहे. २५ जानेवारी १९९० ला न्यूयॉर्कजवळ आव्हियान्का या विमान कंपनीचे बोइंग ७०७ इंधन संपून पडले आणि ७३ जण गेले. वैमानिकांनी प्राधान्य मागितले होते, पण आणीबाणी जाहीर केलीच नव्हती. आज नियम स्पष्ट आहेत. ‘मिनिमम फ्युएल’ म्हणजे आता या एकाच विमानतळावर उतरायचे आहे, आणखी उशीर झाला तर राखीव इंधनाला हात लागेल. ही नुसती सूचना आहे, तिने रांगेत पुढचा नंबर मिळत नाही. उतरेपर्यंत राखीव इंधनही पुरे उरणार नाही असे दिसले, की ‘मेडे, मेडे, मेडे, फ्युएल’ म्हणायचे, इंजिन व्यवस्थित चालू असतानाच.