अब्दालीला ‘खंडणी’ सोडायला लावणारा बलुच खान कोण होता?

एप्रिल १७५८. रघुनाथरावांच्या नेतृत्वाखाली मराठे लाहोरमध्ये शिरले. पंजाब हातातून निसटला, तरी अहमदशाह अब्दाली लगेच चालून आला नाही. का? कारण त्याच वर्षी त्याच्या घराशेजारीच आग लागली होती, बलुचिस्तानातल्या कलातमध्ये.

वाद काय होता?

कलातचा नासिर खान १७४९ मध्ये गादीवर आला, तो अब्दालीच्याच पाठिंब्याने. त्यामुळे अब्दालीच्या लेखी तो मांडलिक होता. पण नासिर खानाने विखुरलेल्या बलुच आणि ब्राहुई टोळ्या एकत्र आणल्या आणि १७५८ मध्ये थेट स्वातंत्र्य जाहीर केलं.

लढाईत काय घडलं?

अब्दालीने आधी एका मंत्र्याला फौज देऊन पाठवलं. खानाने या पश्तून फौजेचा पराभव केला. मग अब्दाली स्वतः उतरला. मैदानात नासिर खान हरला, पण त्याची फौज विस्कटली नाही. तो शिस्तीत मागे हटला आणि कलातच्या किल्ल्यात शिरला. अब्दालीने वेढा घातला, हल्ले केले, पण सुमारे दोन हजार मीटर उंचीवरचं कलात काही पडेना. शेवटी तहाची बोलणी अब्दालीनेच सुरू केली.

तहात काय ठरलं?

• खान खंडणी देणार नाही.
• अब्दालीने बोलावल्यास सैन्य पाठवेल, पण सैनिकांचा निम्मा पगार अब्दाली देईल.
• खानाची चुलत बहीण अब्दालीच्या घराण्यात दिली जाईल.

म्हणजे मैदान अब्दालीने मारलं, पण तहात खानाने बरंच काही राखलं.

पुढे काय?

पाठीमागचा धोका मिटला आणि १७५९ मध्ये अब्दाली पुन्हा हिंदुस्थानात उतरला. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांसमोर उभ्या ठाकलेल्या त्याच्या फौजेत बलुच तुकड्याही होत्या.

आज हे का महत्त्वाचं?

कलात मांडलिक होतं की मित्रराज्य? हा प्रश्न फक्त पुस्तकातला नाही. ऑगस्ट १९४७ मध्ये कलातच्या खानाने स्वातंत्र्य जाहीर केलं आणि मार्च १९४८ मध्ये कलात पाकिस्तानात विलीन झालं. हे विलीनीकरण दबावाखाली झालं, असं बलुच राष्ट्रवादी मानतात. कलात कधीच कुणाचं अंकित नव्हतं, हे सांगताना ते आजही १७५८ च्या तहाकडे बोट दाखवतात.